दद्दांनी न केलेला प्रवास

आजवर आपल्या स्मरणिकेत मी फक्त उत्सवाचा जमाखर्च आणि देणगीदारांचे आभार एवढेच लिहीत आलो. या वर्षी संपादक मंडळाने सुचवले की झाशीतल्या एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा. राणीसाहेबांवर दरवर्षी दोन तरी लेख येतातच आणि ते यायलाच हवेत. पण मला या वेळी मेजर ध्यानचंदांवर लिहावेसे वाटले. त्याला कारण घरगुती आहे, ते पुढे ओघात येईल.

सीपरीच्या पहाडीवरचा त्यांचा हॉकी हातात घेतलेला पुतळा आपण येता-जाता पाहतो. बदली होऊन नव्याने झाशीत आलेल्या सहकाऱ्यांना मी तो हटकून दाखवत असे. बाहेरच्या जगाचे ते हॉकीचे जादूगार, झाशीकरांचे मात्र दद्दा. खरे म्हणजे ते जन्माने झाशीचे नव्हेत. जन्म अलाहाबादचा, २९ ऑगस्ट १९०५चा. वडील लष्करात असल्यामुळे सतत बदल्या, त्यात शाळा सहावीपर्यंतच झाली. पुढे सरकारकडून झाशीत घरापुरती जागा मिळाली आणि कुटुंब इथले झाले. म्हणजे नोकरीच्या पायी इथे येऊन रुजलेल्या आपल्यापैकी कित्येकांसारखेच.

१९२२ साली ते शिपाई म्हणून लष्करात भरती झाले आणि हॉकीची खरी गोडी तिथेच लागली. ड्यूटी संपल्यावर चांदण्यात सराव करत, म्हणून ध्यानसिंगचे ध्यानचंद झाले, असे सांगतात. पहिला परदेश प्रवास १९२६चा. लष्कराच्या संघाबरोबर न्यूझीलंडला गेले. २१ सामन्यांपैकी १८ जिंकले, हरला फक्त एक. परत आल्यावर शिपायाचे लान्स नाईक झाले.

१९२८च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकला जायचे तर हॉकी संघटनेकडे पुरेसे पैसे नव्हते. दोन खेळाडू मागे राहायची वेळ आली होती, बंगालकडून मदत मिळाली म्हणून ते जाऊ शकले. मुंबईच्या बंदरावरून बोट सुटली तेव्हा निरोप द्यायला तीन माणसे होती. परत आले तेव्हा त्याच मुंबईत हजारोंची गर्दी. मधल्या काळात पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि एकही गोल होऊ दिला नाही. त्यांतले १४ एकट्या दद्दांचे. हॉलंडविरुद्धच्या अंतिम सामन्याच्या दिवशी, २६ मे रोजी, संघातले काही प्रमुख खेळाडू आजारी होते आणि दद्दांनाही बरे नव्हते. तरी खेळले, आणि ३-० ने जिंकले.

१९३२ची लॉस एंजेलिसची वारी तर खर्च भागवण्यासाठी वाटेत ठिकठिकाणी सामने खेळत झाली. अमेरिकेला २४-१ असे हरवले, त्यात धाकटे भाऊ रूपसिंग यांचे १० गोल आणि दद्दांचे ८. १९३६ला बर्लिनमध्ये ते कर्णधार होते. १५ ऑगस्टला अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ ने पाडाव केला. हिटलरने त्यांना काय देऊ केले आणि त्यांनी काय उत्तर दिले ही कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून इथे सोडून देतो.

मला जास्त भावते ती गोष्ट परदेशातली नाही, कलकत्त्याची आहे. १९३३ साली आपल्या गावचा झाशी हीरोज हा संघ बाइटन कपसाठी तिकडे गेला. समोर कलकत्ता कस्टम्स, त्यांचेच मैदान, त्यांचेच प्रेक्षक. कस्टम्सचा जोर इतका होता की झाशीची बाजू जेमतेम तग धरून होती. तेवढ्यात दद्दांनी मधल्या रेषेजवळून इस्माईलला एक लांब पास दिला. इस्माईल अर्धे मैदान धावत गेला, कस्टम्सचा गोलरक्षक आणि हाफबॅक यांच्यात क्षणभर गोंधळ उडाला आणि गोल झाला. तेवढ्या एका गोलवर कप झाशीला आला. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेला हा माणूस आपला सर्वांत आवडता सामना म्हणून पुढे याचेच नाव घेत असे. गोलही स्वतःचा नव्हे, इस्माईलचा!

चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी खेळ जवळजवळ थांबवला होता. १९४७ साली पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी संघ बोलावला, तेव्हा ध्यानचंद येणार असतील तरच या, अशी अट घातली. दद्दा गेले आणि २२ सामन्यांत ६१ गोल करून आले. १९५६ला मेजर म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी पद्मभूषण मिळाले. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षक म्हणून काम केले आणि शेवटी झाशीला येऊन राहिले. मासे पकडणे आणि स्वतः रांधणे हे त्यांचे शौक. पैशाची मात्र ओढाताण होती. मुलगा अशोककुमार १९७५च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध विजयी गोल करून आला. पण पुढच्याच वर्षी माँट्रियलला भारत सातव्या क्रमांकावर गेला, आणि हॉकीची ही घसरण त्यांना फार लागली.

१९७९ साली त्यांना यकृताचा कर्करोग झाला. त्याच वर्षी झाशीच्या एका स्नेह्याने त्यांच्यासाठी परदेश दौऱ्याची आखणी केली होती. जुन्या चाहत्यांना भेटतील, विस्मरणात गेलेले नाव पुन्हा घेतले जाईल, असा चांगलाच हेतू होता. तिकिटेसुद्धा काढली होती. पण प्रकृती त्या लायकीची राहिली नाही. मग मित्रांनी आग्रह धरला की निदान उपचारांसाठी तरी युरोपात चला. दद्दांनी नकार दिला. जग पाहून झाले आहे, एवढेच त्यांनी कारण दिले.

आता घरगुती कारण. गेल्या दिवाळीनंतर मला मोठ्या आतड्याचा कर्करोग असल्याचे निघाले. मंडळातल्या बऱ्याच जणांना हे माहीत आहे, ज्यांना नव्हते त्यांना आता कळले. ऑपरेशन झाले, केमोथेरपीचे डोस झाले, आता दर तीन महिन्यांनी तपासणी असते. मुलगी हॉलंडमध्ये नोकरी करते. निदान कळल्या दिवसापासून तिचे एकच टुमणे, बाबा, तुम्ही आणि आई इकडे या. आधी उपचारांसाठी, मग निदान विश्रांतीसाठी. आमच्या घरात यावरून इतके दिवस जे चालले आहे ते ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना सांगायला नको. सौ. म्हणते, वाटेत काही झाले तर? मुलगी म्हणते, इथे काही झाले तर? आणि मी दोघींची समजूत घालत बसतो.

तेव्हा मला दद्दांचा नकार आठवू लागला. आम्हाला तो अभिमानाने सांगत, जणू परदेशाकडे पाठ फिरवणे हीच त्यातली मोठी गोष्ट. काही जण म्हणतात, देशाने उपेक्षा केली म्हणून ते खचले होते. मला दोन्ही पटत नाही. जो माणूस आजारी असताना अ‍ॅमस्टरडॅमला मैदानात उतरला, बेचाळिसाव्या वर्षी बोटीने आफ्रिकेला गेला, त्याला प्रवासाची भीती नव्हती. जिथे त्याची गरज होती तिथे तो गेला. १९७९ साली कोणाला त्याची गरज नव्हती, त्यालाच उपचारांची गरज होती, आणि यकृताच्या कर्करोगावर तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांच्याही हाती फारसे काही नव्हते. या रोगावर उपयोगी ठरलेली गोळी बाजारात यायला २००७ उजाडावे लागले. तेव्हा हिशेब केला तरी तो नकार चुकीचा ठरत नाही.

पण हिशेबाची दुसरी बाजूही लिहिली पाहिजे, मी जमाखर्चवाला माणूस आहे. झाशीत राहू म्हटले तरी त्यांना राहता आले नाही. प्रकृती ढासळली तशी दिल्लीला न्यावे लागले. एम्समध्ये सर्वसाधारण वॉर्डात ठेवले होते. ३ डिसेंबर १९७९ रोजी तिथेच, घरापासून दूर, त्यांचे निधन झाले. पार्थिव झाशीला आणले. हीरोजच्या मैदानावर अंत्यसंस्कार करायला परवानगी मिळवतानाही आधी अडचण आली. अखेर मिळाली, आणि पंजाब रेजिमेंटने लष्करी इतमामात मानवंदना दिली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो, वर्कशॉपमधून आम्ही काही जण गेलो होतो. गर्दीत मला काहीच दिसले नाही, फक्त बिगूल ऐकू आला. पुढे त्यांच्या नावाचे तिकीट निघाले, दिल्लीच्या स्टेडियमला नाव मिळाले, २९ ऑगस्ट राष्ट्रीय क्रीडा दिन झाला, २०२१मध्ये खेलरत्न पुरस्कारही त्यांच्या नावाचा झाला.

माझे प्रश्न त्यामानाने किरकोळ. उपचारांसाठी हॉलंडला जायचे नाही हे मी ठरवले. माझ्या रोगाला लागणारी औषधे इथेच मिळत आहेत, डॉक्टर ओळखीचे आहेत, आणि पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिकडचा दवाखाना परवडत नाही. व्हिसासाठी ३० हजार युरोंचा विमा काढावा लागतो, पण आधीपासूनचा आजार त्यात सहसा धरत नाहीत. हे मुलीला समजावून सांगायला महिना लागला. नंतर एकदा नातीने फोनवर विचारले की आजोबा, तुम्ही माझी मॅच बघायला कधी येणार? ती तिकडच्या क्लबात हॉकी खेळते. हॉलंडमध्ये मुली हॉकी खेळतात, तशा आपल्या गावात खेळल्या असत्या तर दद्दांना किती बरे वाटले असते!

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. जग मी काही पाहिलेले नाही. झाशी विभागाच्या पासावर जेवढे फिरता आले तेवढेच.

डॉक्टरांना सरळ विचारले. ते म्हणाले, पुढची तपासणी ठीक निघाली तर तीन आठवडे जाऊन या. लांबच्या विमानप्रवासात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका कर्करोगाच्या रोग्याला जास्त असतो, म्हणून दर तासाला उठून चाला, पाणी पीत राहा, औषधे हातातल्या पिशवीत ठेवा आणि कागदपत्रांची इंग्रजी प्रत बरोबर घ्या. सौ.ने हे सगळे पंचांगाच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहे.

तपासणी अनंत चतुर्दशीनंतरच्या आठवड्यात आहे. तारीख बदलता येईल अशी दोन तिकिटे पाहून ठेवली आहेत, येण्याचे आधी आणि मग जाण्याचे. १९२८चे ते ऑलिंपिक स्टेडियम अ‍ॅमस्टरडॅममध्ये अजून उभे आहे, नातीची मॅच झाल्यावर तिथे घेऊन जाईन, असे मुलीने कबूल केले आहे. विसर्जनानंतर आरतीच्या झांजा, ताम्हण आणि मखराचे दिवे असलेली पेटी दरवर्षी माझ्याकडे असते. या वर्षी तिची किल्ली कोषाध्यक्षांकडे देत आहे, पुढच्या वर्षी मी मागून घेईन.