विश्लेषण : इन्फ्लुएंझाच्या वर्षी नाकारलेला महिलांचा मताधिकार आणि रमाबाई रानडे

करोनाच्या साथीत, १ डिसेंबर २०२० रोजी, पुणे पदवीधर मतदारसंघात मुखपट्टी लावून मतदान झाले. साथीत मतदान कसे घ्यायचे, हा तेव्हाचा प्रश्न. शंभर वर्षांपूर्वीच्या साथीत प्रश्न वेगळा होता : मतदारयादीत महिलांना घ्यायचे का? पुण्याच्या रमाबाई रानडे यांनी त्यासाठी काय केले?

रमाबाई कोण होत्या?

जन्म १८६२, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे. अकराव्या वर्षी, १८७३ मध्ये, महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह. सासरी आल्या तेव्हा अक्षरओळख नव्हती. पतीने मराठी, नंतर इंग्रजी शिकवले. घरातील बायकांचे टोमणे सोसून त्या शिकल्या. १९०१ मध्ये रानडे गेले. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झाले. रमाबाई अध्यक्षा आणि गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस. परिचारिकेचे काम कमीपणाचे मानले जाई, त्या काळात सेवासदनाने विधवांसह अनेक जणींना ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळवून दिले.

साथीच्या वर्षी काय घडले?

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक बळी घेतले. घरोघरी आजाऱ्यांची सेवा बहुतांशी बायकांवरच पडली. त्याच हिवाळ्यात मत कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी साऊथबरो समिती देशभर फिरत होती. समाजाची तयारी नाही, असे सांगत समितीने १९१९ मध्ये महिलांना मताधिकार नाकारला. त्या वर्षीच्या कायद्याने हा निर्णय प्रांतिक विधिमंडळांवर सोपवला.

मत कसे मिळाले?

मुंबई प्रांतातील मताधिकाराच्या चळवळीत रमाबाई आघाडीवर होत्या. मद्रासपाठोपाठ मुंबई विधिमंडळाने १९२१ मध्ये ठराव मंजूर केला आणि १९२३ च्या निवडणुकीत महिलांनी मतदान केले.

अडचण कुठे राहिली?

अट पुरुषांसारखीच होती : मालमत्ता, शेतसारा किंवा कर. मालमत्ता स्वतःच्या नावावर असलेल्या महिला मोजक्याच, त्यामुळे यादीत नावेही थोडीच. १९२४ मध्ये रमाबाईंचे निधन झाले.

राज्यघटनेने प्रत्येक प्रौढाला मत दिले. तरी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीआधी देशभरात सुमारे २८ लाख महिलांची नावे यादीतून वगळावी लागली. स्वतःचे नाव न सांगता त्यांनी अमक्याची पत्नी, तमक्याची आई एवढीच नोंद केली होती. कायद्याने हक्क मिळाला तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही. आज ते नाव मोबाइलवरच तपासता येते.