मेपलचा रस आणि डॉक्टर बेंजामिन रश

साखर म्हटली की आपल्या मॉरिशसमध्ये लहान मूलदेखील उसाकडे बोट दाखवील. आपले पूर्वज उसाच्या मळ्यांत कामासाठी आले, तेथेच राबले, आणि त्या मजुरीतूनच त्यांनी मुलांना शाळेत धाडले. परंतु एका झाडाला भोक पाडून त्यातून ठिबकणाऱ्या रसाचीही साखर होते. या रसाच्या बळावर उसाच्या मळ्यांतील गुलामी बंद पाडता येईल, असे एका नामवंत अमेरिकन डॉक्टरांना मनापासून वाटत होते. ते डॉक्टर म्हणजे बेंजामिन रश. आज आम्ही वाचकांना त्यांचा परिचय करून देत आहोत.

रश यांचा जन्म १७४६ साली फिलाडेल्फिया शहराजवळील बायबेरी या खेड्यात झाला. पाचव्या वर्षीच त्यांचे पितृछत्र हरपले. आईने दुकान चालवून मुलांना शिकविले. मुलगा इतका हुशार की चौदाव्या वर्षी त्याने प्रिन्स्टनच्या कॉलेजची पदवी मिळविली. पुढे १७६८ साली एडिंबरो येथे ते डॉक्टर झाले व मायदेशी परतून रसायनशास्त्राचे प्राध्यापक बनले. १७७३ साली त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली. १७७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ज्यांनी सह्या केल्या, त्यांत रशही होते.

त्या काळी अमेरिकेत बरीचशी साखर वेस्ट इंडीज बेटांतून येई, आणि ती आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या घामाची व रक्ताची असे. रश यांना ही गोष्ट डाचत होती. अमेरिकेच्या उत्तर भागात शुगर मेपल नावाचे वृक्ष रानोमाळ पसरले होते. तेथील मूळ रहिवासी या झाडांचा रस काढीत, आणि नव्या वसाहतींतील शेतकरीही तो आटवून साखर करीत. १७९१ साली रश यांनी या वृक्षाविषयी थॉमस जेफरसन यांना उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ते फिलाडेल्फियाच्या विद्वत्सभेत वाचले गेले.

चांगल्या हंगामात एक झाड वीस ते तीस गॅलन रस देते व त्यातून पाच-सहा पौंड साखर होते, असा हिशेब त्यांनी मांडला. साखरेचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. हंगाम सरल्यावर, म्हणजे उन्हाळ्यात व शरदाच्या आरंभीही, झाडातून पातळ रस मिळतो, अशी नोंद त्यांनी केली. त्याची साखर होत नाही. पण कनेक्टिकटमधील काही शेतकरी कापणीच्या दिवसांत दारूऐवजी तो पितात, असे त्यांनी लिहिले. दारूचे दुष्परिणाम जाणणाऱ्या या डॉक्टरांना ही गोष्ट फार आवडली असावी.

हा रस फणसाच्या चिकासारखा नसतो. तो पाण्यासारखा पातळ असतो व त्यात साखर शेकडा दोनच्या आसपास असते. रात्री गोठविणारी थंडी व दिवसा ऊब असली की लाकडाच्या आतील वायू आकसतो आणि पुन्हा फुगतो. त्यामुळे झाड आधी पाणी ओढून घेते व मग ते बाहेर लोटते. म्हणून पाने गळाल्यावर अशी हवा पडली, तर हंगाम नसतानाही नुकत्याच तोडलेल्या फांदीतून थेंब गळू लागतात. पाने फुटली की तीच पाणी वर खेचतात, आणि मग कापलेल्या मेपलमधून सहसा काही गळत नाही. बर्च वृक्षाची व द्राक्षवेलीची गोष्ट वेगळी. वसंतात त्यांच्या मुळांचा दाबच पाणी वर चढवितो, म्हणून त्यांचा ताजा खुंटही पाझरतो.

रस असा हवामानाच्या मर्जीवर चालत असल्यामुळे रश यांचा बेत फसला. उसाचा मळा मालकाच्या हुकुमाने चालतो. मेपल कोणाचाही हुकूम मानीत नाही. फिलाडेल्फियाचे व्यापारी हेन्री ड्रिंकर यांनी मेपल साखरेसाठी जंगलात उभारलेला उद्योग काही वर्षांतच बंद पडला. जेफरसन यांनी माँटिसेलोच्या आपल्या जमिनीत साठ रोपे लावली. त्यांतील बहुतेक मेली. गुलामी संपविणारे झाड म्हणून ज्याची कीर्ती गाइली गेली, ते लावले गेले गुलामांच्या श्रमांवर चालणाऱ्या जमिनीत! खुद्द रश यांच्या घरीही विल्यम ग्रबर नावाचा गुलाम होता. त्याची मुक्तता १७९४ साली झाली.

त्याच पत्रात रश यांनी लिहिले होते की वारंवार भोके पाडल्याने मेपलचे नुकसान होत नाही, उलट रस वाढतो. प्राण्यांच्या शरीराला मात्र हा नियम लागू पडत नाही. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली व सुमारे पाच हजार माणसे मेली. पुष्कळ लोक शहर सोडून पळाले, पण रश रोग्यांजवळ राहिले. हे त्यांचे धैर्य मोठे. परंतु रोग्यांच्या शिरा कापून ते इतके रक्त काढीत की काही सहकारी डॉक्टरांनी तेव्हाच विरोध केला. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, अशा चुकीच्या समजुतीने त्यांनी त्या समाजाला शुश्रूषेसाठी बोलाविले. रिचर्ड ॲलन व ॲबसलोम जोन्स यांच्या नेतृत्वाखाली ते लोक धावून आले, आणि त्यांच्यातीलही पुष्कळजण दगावले. माणूस मेपल नव्हे, हे त्या साथीने दाखवून दिले.

१८०३ पासून रश पेनसिल्वेनियातील गुलामीविरोधी संस्थेचे अध्यक्ष होते. १८१२ साली त्यांनी मनोविकारांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. वेड्यांना साखळ्यांत न ठेवता माणुसकीने वागवावे, यासाठी ते झटले. १८१३ साली त्यांचे निधन झाले.

मेपलने गुलामी संपविली नाही. आपल्या बेटावर ती १८३५ साली कायद्याने गेली, आणि अमेरिकेत १८६५ साली. ऊस मात्र जागेवरच राहिला, आणि त्याच मळ्यांत करारावर राबण्यासाठी १८३४ पासून हिंदुस्थानातून माणसे येऊ लागली. आपण त्यांचीच लेकरे. म्हणून रश यांचे चरित्र वाचताना आम्हांस वाटते की साखर कोणत्या झाडाची, हा प्रश्न दुय्यम आहे. ती काढणाऱ्या हातांना न्याय मिळाला की नाही, हे आधी विचारावे. रश यांनी तो प्रश्न विचारला, हे त्यांचे मोठेपण. आणि त्याचे उत्तर त्यांनी माणसांच्या कायद्यात न शोधता झाडात शोधले, ही त्यांची मर्यादा. आपल्या मुलांना या दोन्ही गोष्टी सांगाव्यात, असे आम्हांस वाटते.