टंकलेखनयंत्राचे जनक : ख्रिस्तोफर शोल्स

टायपिंगच्या क्लासला गेले त्या पहिल्याच दिवशी मला प्रश्न पडला, की कळफलकावर ए, बी, सी अशी सरळ अक्षरे का नाहीत? त्याचे उत्तर शोधताना ख्रिस्तोफर लॅथम शोल्स या अमेरिकन मुद्रकाच्या चरित्राची ओळख झाली.

शोल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८१९ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यात झाला. लहानपणीच ते छापखान्यात उमेदवारी करू लागले. पुढे विस्कॉन्सिन राज्यात त्यांनी वृत्तपत्रे चालवली. तेथील विधिमंडळात असताना फाशीची शिक्षा रद्द व्हावी म्हणून ते झटले आणि १८५३ मध्ये ती रद्द झाली.

मिलवॉकी शहरातील एका यंत्रशाळेत शोल्स आणि सॅम्युएल सूले यांनी पानांवर क्रमांक छापणारे यंत्र बनवले होते. आकडे छापता येतात तर अक्षरे का छापू नयेत, असे कार्लोस ग्लिडन यांनी सुचवले. तिघांच्या खटपटीला २३ जून १८६८ रोजी पेटंट मिळाले. त्या पहिल्या यंत्राला पियानोसारख्या पट्ट्या होत्या! जेम्स डेन्समोर यांनी पैसा पुरवला, पण दोष दाखवून यंत्र पुन्हापुन्हा बनवायला लावले. अखेर १८७४ मध्ये बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टन कंपनीने ते बाजारात आणले. किंमत १२५ डॉलर, अक्षरे फक्त मोठ्या लिपीतली, आणि काय उमटले ते टंकलेखकाला लगेच दिसतही नसे. साहजिकच खप बेताचाच झाला.

या प्रयोगांतच अक्षरांचा क्रम बदलत गेला. अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून तो बदलला, असे सर्वसाधारणपणे सांगतात. तारयंत्रावर काम करणाऱ्यांच्या गरजांमुळे बदलला, असेही काही संशोधक मानतात. मधल्या ओळीत डी, एफ, जी, एच, जे, के, एल ही जुन्या क्रमाची खूण मात्र अजून दिसते.

शोल्स यांनी आपले हक्क विकले. मोठा नफा इतरांना झाला. क्षयाने शरीर पोखरले तरी त्यांच्या सुधारणा थांबल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी अक्षरांचा वेगळाच क्रम असलेल्या यंत्रासाठी पेटंटचा अर्ज केला. १७ फेब्रुवारी १८९० रोजी ते वारले. ते पेटंट १८९६ मध्ये मंजूर झाले. म्हणजे जो क्रम जगाने कायमचा मानला, तो खुद्द कर्त्याला कायमचा वाटला नव्हता!

तोच क्रम पुढे दूरमुद्रकावर आणि संगणकावर आला. आज काही हौशी मंडळी जुन्या टंकलेखनयंत्राच्या दांड्यांखाली विजेचे संपर्क बसवून ते संगणकाला जोडतात. कळ दाबली की अक्षर कागदावर उमटते आणि पडद्यावरही.

शोल्स यांची कन्या लिलियन हिचे अशा यंत्रापुढे बसलेले १८७२ चे छायाचित्र प्रसिद्ध आहे. पुढे या यंत्राने असंख्य स्त्रियांना कचेरीची दारे उघडून दिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. क्लासमधल्या खडखडणाऱ्या यंत्रावर बोटे बसली, तीच आज संगणकावर चालतात. म्हणूनच हे ऋण मला परक्या देशातील वाटत नाही. आपले काम पुरे झाले असे अखेरपर्यंत न मानणाऱ्या या मुद्रकाकडून आपण विद्यार्थ्यांनी एवढे तरी शिकावे.