जाको पास्टोरियस

जॉन फ्रान्सिस अँथनी पास्टोरियस तिसरा ऊर्फ जाको पास्टोरियस (१ डिसेंबर, १९५१ - २१ सप्टेंबर, १९८७) हे अमेरिकन जॅझ बास गिटारवादक व संगीतकार होते. पडदे नसलेल्या विद्युत बास गिटारला एकलवादनाचे वाद्य म्हणून प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

== जीवन ==
पास्टोरियस यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील नॉरिस्टाउन येथे झाला. त्यांचे बालपण फ्लोरिडात गेले. वडील ड्रमवादक व गायक होते. जाको यांनीही प्रथम ड्रमवादन केले. परंतु फुटबॉल खेळताना मनगटाला झालेल्या दुखापतीनंतर ते बास गिटारकडे वळले.

== वाद्य ==
त्यांचे प्रमुख वाद्य १९६२ सालचा फेंडर जॅझ बास हे होते. फेंडरच्या मूळ रचनेत बोटपट्टीवर धातूचे पडदे, म्हणजे फ्रेट, असतात. या वाद्यावरील पडदे काढून रिकाम्या खाचा लांबीने बुजवण्यात आल्या. खाचांच्या रेषा दिसत राहिल्याने बोटांना स्वरस्थाने सापडत, आणि पडद्यांचा अडथळा नसल्याने मींड घेता येई. पास्टोरियस गोल तारेचे वेष्टन असलेल्या तारा वापरत. अशा तारांनी रोझवूडची बोटपट्टी लवकर झिजते. म्हणून त्यांनी तीवर नौकांसाठी वापरले जाणारे इपॉक्सी चढवले. या कठीण थरामुळे लाकडाचे रक्षण झाले, शिवाय स्वर अधिक स्पष्ट व दीर्घ झाला.

== कारकीर्द ==
१९७६ मध्ये त्यांच्याच नावाचा पहिला अल्बम प्रसिद्ध झाला. त्यातील 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' ही रचना प्रामुख्याने हार्मोनिक स्वरांवर आधारलेली आहे. त्याच वर्षी ते 'वेदर रिपोर्ट' या जॅझ-फ्यूजन वाद्यवृंदात सामील झाले. 'हेवी वेदर' (१९७७) हा या वाद्यवृंदाचा गाजलेला अल्बम. जोनी मिचेल यांच्या 'हेजिरा' (१९७६) या अल्बममध्येही त्यांचे वादन आहे. १९८१ मध्ये त्यांचा 'वर्ड ऑफ माउथ' हा अल्बम आला.

== अखेरची वर्षे ==
१९८२ मध्ये त्यांना द्विध्रुवीय विकार असल्याचे निदान झाले. आजार आणि व्यसन यांमुळे कामे कमी होत गेली, काही काळ त्यांना बेघर अवस्थेत काढावा लागला. याच काळात त्यांनी स्वतःचा बास आपटून फोडला. फ्लोरिडातील कारागिरांनी त्याचे तुकडे सांधून तो पुन्हा वाजता केला. मात्र १९८६ मध्ये न्यूयॉर्क शहरात तो चोरीस गेला.

सप्टेंबर १९८७ मध्ये फ्लोरिडातील विल्टन मॅनर्स येथील एका क्लबबाहेर झालेल्या मारहाणीत पास्टोरियस गंभीर जखमी झाले. काही दिवस बेशुद्धावस्थेत राहिल्यानंतर वयाच्या ३५ व्या वर्षी त्यांचे फोर्ट लॉडरडेल येथे निधन झाले.

== वारसा ==
१९८८ मध्ये डाउन बीट मासिकाच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश करण्यात आला. चोरीस गेलेला बास सुमारे वीस वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये आढळला. त्याच्या मालकीचा वाद पुढे २०१० मध्ये 'मेटालिका'चे बासवादक रॉबर्ट ट्रुहियो यांच्या आर्थिक साहाय्याने मिटला.