गुरुजींची जप्त झालेली 'पत्री'

अंधेरी, बोरिवलीच्या मराठी शाळांत शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांनी 'बलसागर भारत होवो' हे गीत म्हटले असेल. ते ज्या पुस्तकात आहे, ते एके काळी सरकारने जप्त केले होते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी कोकणातील पालगडला झाला. 1924 पासून ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांना वाचायला मिळावे म्हणून ते स्वहस्ते दैनिक लिहून काढीत! 1930 साली नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले; तुरुंगवास भोगला. 'पत्री' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह. त्यातील देशभक्तीच्या कवितांचा लोकांवर पडणारा प्रभाव पाहून इंग्रज सरकारने त्याच्या प्रती जप्त केल्या.

जप्ती म्हणजे केवळ छापखान्यावर धाड नव्हे. असे पुस्तक सापडेल तेथून उचलण्याचा अधिकार पोलिसांना होता. मग ते ग्रंथालयाचे कपाट असो की विद्यार्थ्याची ट्रंक. राग कवीवर, पण हिरावले जाई ते वाचकाचे. आणि त्याला कोण विचारतो? जप्तीची तरतूद स्वराज्यातही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 मध्ये राहिली, 2023 च्या नव्या संहितेत ती कलम 98 झाली. तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यास दोन महिन्यांची मुदत असते.

15 ऑगस्ट 1948 रोजी गुरुजींनी मुंबईत 'साधना' साप्ताहिक सुरू केले. 11 जून 1950 रोजी ते गेले. 'पत्री' आता ग्रंथालयात उघडपणे मागता येते.