विश्लेषण : लघुग्रह ग्रहांवर किती वेळा आदळतात? हा हिशेब मांडणारे शूमेकर कोण होते?

बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ या खडकाळ ग्रहांवर लघुग्रह आदळत आले आहेत. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चंद्रावरील विवरे ज्वालामुखींची आहेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानत. हा समज बदलण्यात मोठा वाटा अमेरिकी भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर (१९२८-१९९७) यांचा.

पुरावा कसा मिळाला?

लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या शूमेकर यांची सरकारी नोकरी युरेनियमच्या शोधापासून सुरू झाली. नेवाडातील अणुचाचण्यांनी पडलेले खड्डे त्यांनी ॲरिझोनातील सुमारे १.२ किलोमीटर रुंद विवराशी ताडून पाहिले. दोन्हींच्या काठावर खडकांचे थर उलटे झालेले होते. १९६० मध्ये या विवरात कोएसाइट हे खनिज सापडले. ते तयार व्हायला लागणारा दाब ज्वालामुखीच्या स्फोटात निर्माण होत नाही. बुलढाण्यातील लोणार सरोवरही अशाच आघाताचे विवर आहे.

वारंवारता कशी ठरते?

विवरे जितकी दाट, तितका पृष्ठभाग जुना, या तत्त्वावर शूमेकर यांनी चंद्राचा कालक्रम लावला. अपोलो मोहिमांनी आणलेल्या खडकांचे वय मोजल्यावर हा हिशेब वर्षांत मांडता आला. प्रत्येक ग्रहाचे गणित मात्र वेगळे. पृथ्वीवर पाऊस, वारा आणि भूपट्टांची हालचाल खुणा पुसून टाकतात. शुक्राच्या दाट वातावरणात लहान पाषाण वरच नष्ट होतात. सूर्याजवळच्या बुधावर आघातांचा वेग अधिक असतो. एक किलोमीटर व्यासाचा लघुग्रह पृथ्वीवर सरासरी सुमारे ५ लाख वर्षांतून एकदा आदळतो, असा अंदाज आहे. ही सरासरी आहे, वेळापत्रक नव्हे. म्हणूनच १९७३ पासून शूमेकर यांनी सहकारी एलिनॉर हेलिन यांच्यासह पालोमार वेधशाळेतून अशा लघुग्रहांचा पद्धतशीर शोध सुरू केला.

चंद्रावर जायचे राहिले का?

शूमेकर यांना स्वतः चंद्रावर जायचे होते. १९६३ मध्ये ॲडिसन या आजाराचे निदान झाले आणि ती वाट बंद झाली. मग त्यांनी अपोलोच्या अंतराळवीरांना भूशास्त्र शिकवले. १९९३ मध्ये पत्नी कॅरोलिन आणि डेव्हिड लेव्ही यांच्यासह त्यांनी एक धूमकेतू शोधला. जुलै १९९४ मध्ये त्याचे तुकडे गुरूवर कोसळले आणि असे आघात आजही होतात, हे जगाने पाहिले.

१८ जुलै १९९७ रोजी ऑस्ट्रेलियात विवरांच्या अभ्यासदौऱ्यावर असताना मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थींचा अंश घेऊन गेलेले ‘लूनर प्रॉस्पेक्टर’ हे यान ३१ जुलै १९९९ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ आदळवण्यात आले.