चक्कर आणि डॉ. बारानी

माझे काका महाड एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत फिटर आहेत. वीस वर्षं पाइपरॅक आणि शिड्या चढण्यात गेलेली. मागच्या वर्षी मान वर करून व्हॉल्व्ह बघताना त्यांना असं गरगरलं, की शिडीला मिठी मारून थांबावं लागलं. सेफ्टी बेल्ट होता म्हणून निभावलं. उंचीवरचं काम बंद झालं, ते बरोबरच होतं. पण कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे घेऊन आला असेल, कुणी म्हणे आता घाबरतो. दारूला कधी न शिवलेले काका त्या दिवसांत घरात कुणाशी धड बोलत नव्हते.

कानाच्या डॉक्टरांकडे मीच सोबत गेले. त्यांनी काकांची मान वळवून त्यांना पटकन आडवं केलं आणि डोळ्यांत बघत राहिले. बुबुळं आपोआप झटके देत होती! चक्कर डोक्यात, दुखणं कानात आणि बघायचं डोळ्यांत? आमच्या कॉन्व्हेंटच्या सायन्समध्ये कान म्हणजे फक्त ऐकणं, एवढंच डोक्यात राहिलं होतं. मग शोधता शोधता एक नाव सापडलं, डॉ. रॉबर्ट बारानी.

मित्रांनो, या माणसाचा जन्म 22 एप्रिल 1876 चा, व्हिएन्नाचा. लहानपणी हाडांचा क्षय झाला आणि एक गुडघा कायमचा आखडला. तरी पठ्ठ्या टेनिस खेळायचा, डोंगर चढायचा. 1900 साली तो डॉक्टर झाला आणि पुढे व्हिएन्नाच्या नावाजलेल्या कानाच्या क्लिनिकमध्ये काम करू लागला.

तिथे पेशंटचे कान पाण्याने धुवावे लागत. धुताना काहींना चक्कर यायची. बाकीच्यांनी सोडून दिलेली ही गोष्ट बारानींनी धरून ठेवली. त्या वेळी पेशंटचे डोळे झटके देतात हे त्यांनी पाहिलं. पाणी गार असलं की झटके एका दिशेला, गरम असलं की बरोबर उलट! अंगाइतकंच कोमट असलं तर काहीच नाही.

याचं उत्तर आपल्या थर्मलच्या पुस्तकात आहे. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, जवळजवळ एकमेकींना काटकोनात, आपल्या एक्स, वाय, झेड अक्षांसारख्या. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव इनर्शियामुळे मागे राहतो, तिथला नाजूक पडदा वाकतो आणि मेंदूला वळल्याची खबर जाते. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला जाताना मोबाईलमध्ये डोकं घातलं, तर कान म्हणतो वळलो, डोळे म्हणतात जागेवरच आहोत. या भांडणातच गाडी लागते!

बारानींनी ओळखलं, की बंबातल्यासारखंच इथे घडतंय. गरम झालेला द्रव हलका होऊन वर चढतो, गार झालेला खाली बसतो. डोकं स्थिर असूनही द्रव हलतो आणि मेंदू फसतो. डोक्याची स्थिती उलटी केल्यावर झटक्यांची दिशाही उलटली, तेव्हा खात्री पटली. 1983 मध्ये अंतराळातल्या प्रयोगात, वजनरहित अवस्थेतही हे झटके दिसले, म्हणजे कन्व्हेक्शन हे सगळं उत्तर नव्हे. पण ही टेस्ट आजही वापरतात. बारानींमुळे चक्कर ही नुसती तक्रार राहिली नाही, ती तपासता येऊ लागली.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि बारानी आर्मी सर्जन म्हणून गेले. 1915 मध्ये प्शेमिसल हा किल्ला पडला आणि रशियनांनी त्यांना मध्य आशियातल्या मर्व्हच्या छावणीत ठेवलं. 1914 चं नोबेल मिळाल्याची बातमी त्यांना कैदेत समजली! स्वीडनचे प्रिन्स कार्ल यांनी रेडक्रॉसतर्फे मध्यस्थी केल्यावर 1916 मध्ये ते सुटले.

घरी परतल्यावर स्वागत व्हायला हवं ना? उलट व्हिएन्नातल्या सहकाऱ्यांनीच दुसऱ्यांच्या कामाचं श्रेय लाटल्याचा आरोप केला. दुखावलेले बारानी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात गेले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. 8 एप्रिल 1936 रोजी, साठी पुरी व्हायला दोन आठवडे असताना, ते वारले.

पण माझ्या काकांशी संबंधित काम त्यांनी 1921 मध्ये केलं. डोकं विशिष्ट स्थितीत नेलं की थोडा वेळ येणारी चक्कर त्यांनी नोंदवली. कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात, म्हणजे खडूचाच पदार्थ. ते जागा सोडून नळीत शिरले की मान वर करताच जग फिरतं, हे पुढच्या संशोधकांनी उलगडलं. अमेरिकेच्या डॉ. जॉन एपली यांनी डोकं ठरावीक क्रमाने वळवून ते कण परत बाहेर काढायची पद्धत 1992 मध्ये प्रसिद्ध केली. काकांना तेच केलं. गोळी नाही, ऑपरेशन नाही! दुसऱ्या खेपेला चक्कर थांबली आणि नंतर रीतसर तपासणी होऊन ते परत वर चढले.

प्रत्येक चक्कर अशी साधी नसते, त्यामुळे डॉक्टरांना दाखवायलाच हवं. पण कुणाला गरगरलं तर आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊ नका. आखडलेल्या गुडघ्याचा एक माणूस शंभर वर्षांपूर्वी सांगून गेलाय, आधी डोळे बघा.